चाळीस गुंठ्यांची मोकळीक

एकर म्हणजे चाळीस गुंठे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात हे लेकराला सांगावं लागत नाही. सरकारी मोजणी यायची तेव्हा येते. घरातल्या घरात तुकडा ठरवायचा झाला तर तो पावलांनीच ठरतो. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी एक बाई मला तिचा तुकडा दाखवायला घेऊन गेली, तीही तशीच पावलं टाकत पुढं चालली होती. ओढ्यापासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सोयाबीनच्या पहिल्या काकरीपर्यंत. "एवढं माझं," ती म्हणाली. दोन पावलं गेल्यावर थांबली आणि आपल्याच बोलण्याला तिनं दुरुस्ती केली, "कागदावर न्हाई माझं. पण ह्यात काय पेरायचं ते म्या ठरवते."

ही दुरुस्ती ऐकली आणि या पुस्तकाचा विषय मला सापडला. त्याआधी वर्षभर मी तो शोधत होते. मोकळं कसं जगावं, आपल्या विचारानं कसं जगावं, यावर लिहायचं होतं, आणि वाचनातून जे हाती येई ते सगळं निघून जाण्याविषयीचं होतं. घर सोडा, नोकरी सोडा, गाव सोडा, डोंगरात जा, गरजा कमी करा. वाचताना मन भरून यायचं. पण ज्यांच्यात मी वाढले त्या बायकांपैकी एकीलाही यातलं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांना सासू होती, लेकरं होती, दावणीला जनावर होतं, रात्रीच्या भाकरी होत्या. मग त्यांच्या वाट्याला स्वतंत्र जगणं नसतंच की काय, या प्रश्नानं मला स्वस्थ बसू दिलं नाही.

पुढच्या पानांत अशा बायकांची बोलणी आहेत. त्यांची नावं आणि गावं मुद्दाम दिलेली नाहीत. घरातल्या माणसांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते नावानिशी छापून आलं, तर चुलीपाशी त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. प्रस्तावनेत मला एवढंच करायचं आहे: त्या बोलण्यामागची जमीन दाखवायची, आणि ती बोलणी मी कोणत्या प्रश्नाच्या उजेडात ऐकली ते सांगायचं.

सुरुवात मी ३० सप्टेंबर १९९३ पासून धरते. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्याकडचं सास्तूर, त्यांच्या भोवतालची गावंच्या गावं, काही क्षणांत दगडांचे ढीग झाली. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक जण आपल्याच माळवदाखाली गेले. माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दगड आणि मातीच्या रुंद भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा कशाला नाही. पण छत गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडत राहते आणि छताचं वजन वर्षावर्षानं वाढत जातं. भिंती मातीत बांधलेल्या. त्यांनी ते वजन सोडून दिलं.

जी गावं पूर्ण पडली नव्हती, तिथं घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. ते काम ठेकेदारावर न सोपवता घरमालकांनीच करायचं असं सरकारनं ठरवलं, आणि घराघरात जाऊन समजावून सांगायला गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती. ज्या बाईनं तोवर परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, ती आता अभियंत्याला विचारू लागली की कोपऱ्यात काँक्रीट कशासाठी आणि भिंत आडवी बांधून घ्यायची म्हणजे काय. मला भेटलेल्या वयस्क बायकांपैकी एकीनं सांगितलं, "घर कशानं पडतंय ते आमाला पयल्यांदा कळलं." त्या वाक्याचा अर्थ ती जेवढा समजून होती त्याहून मोठा आहे असं मी तेव्हा मनात म्हटलं. नंतर लक्षात आलं की ती पुरता समजून होती.

भूकंपानंतर बचत गट आले, गटांतून कर्ज आलं, आणि मग दुष्काळ आले. २०१२ नंतरची काही वर्षं आमच्याकडे कुणी विसरणार नाही. तोवर खरिपाचं रान बहुतेक सोयाबीननं व्यापलं होतं. सोयाबीनला मी वाईट म्हणत नाही. त्यानं पैसा आणला. पण त्याचा प्रवास बघा. पेरणी मालकानं ठरवली, खुरपणी आणि काढणी बायकांनी केली, मळणी झाली, पोती टेम्पोत चढली, अडतीवर गेली, पट्टी मालकाच्या खिशात आली. ज्या वर्षी पावसानं ऑगस्टात दडी मारली त्या वर्षी पट्टी आली नाही, आणि घरात खायलाही काही उरलं नाही. "सोयाबीन शिजवून लेकराच्या ताटात वाढता येतंय का?" असं एकीनं मला विचारलं, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

एका एकराची मागणी यातून आली. नवऱ्याकडून, सासऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात घराला लागेल ते पिकवायचं. विकायचं ते उरलेलं. तूर, मूग, उडीद, हुलगा, मटकी, तीळ, कारळं, अंबाडी, बाजरी, बांधाला दोडका आणि वाळकं, मधे चार ओळी भेंडी-गवारीच्या, कडेला जनावरासाठी कडवळ. यामागं साधी समज आहे. मूग दोन महिन्यांत हाती येतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते आणि खोल मुळांनी ओल शोधते. पावसानं एकाचा घात केला तर दुसरं तगतं. खत घरच्या शेणाचं आणि गांडुळांचं, बी घरचं. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या पाठबळानं हे काम गावोगावच्या हजारो बायकांपर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. ज्या गावांत मी फिरले तिथं त्यांचं नाव अजून घरच्या माणसासारखं घेतलं जातं.

एकर मिळाला कसा, हे प्रत्येकीनं वेगळं सांगितलं आणि त्यातली बरीच हकीकत पुढं येईलच. एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्यांत सारखी आहे: मिळाला तो तुकडा रानातला सगळ्यात वाईट होता. मुरमाड, उताराचा, ओढ्यानं खाल्लेला. चांगलं काळं रान कोण देतं? बायकांनी तो घेतला, दगड वेचले, बांध घातला.

आता कागदाचं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा चांगला, पण गावात त्याच्या शेजारीच हक्कसोडपत्र नावाचा कागद उभा असतो. भावाचा फोन येतो, बहीण तालुक्याला जाऊन सही करून येते, रक्षाबंधनाला साडी मिळते. सही केली नाही तर माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. या कायद्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. अनेक शेतकऱ्यांनी ती केली. मला ती हाक फार मोलाची वाटते, कारण तिच्यात शेतकऱ्यानं सरकारकडे काही मागितलेलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या घरातलं देणं ओळखलं होतं. माझ्या ओळखीच्या एकरांपैकी सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलेले थोडेच. बाकीचे शब्दावर उभे आहेत. शब्द फिरला तर एकर गेला. हे झाकून ठेवलं तर पुढची पानं खोटी ठरतील.

मग याला स्वातंत्र्य का म्हणायचं? हा प्रश्न मी तेरला घेऊन गेले.

तेर आमच्याच जिल्ह्यातलं. ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात ज्याला तगर म्हटलंय आणि जिथून कापड गाड्यांनी भडोचला जाई असं नोंदवलंय, तेच हे गाव. तेरणेच्या काठी गोरोबाकाका या कुंभार संतांची समाधी आहे; परंपरा ती शके १२३९ ची, म्हणजे इसवी सन १३१७ ची मानते. काकांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. संतांचा मेळा जमला होता, मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. याच्यानं मडकं कच्चं की पक्कं कळतं, काका म्हणाले. मग आमचीही पारख करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले, आणि काकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं. कुंभारानं कुंभारकीच्या हत्यारानं विचार पारखला, म्हणून ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते. काकांनी संसार सोडला नाही, चाक सोडलं नाही. निघून न जाता मोकळं होता येतं, याचा आपल्या मातीतला दाखला हाच.

पण दुसरीही गोष्ट आहे आणि तिच्यापाशी मी दर वेळी अडते. काका चिखल तुडवत होते, विठ्ठलाच्या नामात देहभान हरपलं होतं, रांगतं लेकरू पायांखाली आलं आणि त्यांना कळलं नाही. कीर्तनात ही गोष्ट तल्लीनतेचा कळस म्हणून सांगतात, शेवटी लेकरू परत मिळतं आणि सभामंडपात सगळ्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले आहेत. पण आई कुठं होती? ती पाणी आणायला गेली होती. लेकराकडे लक्ष ठेवा असं सांगून गेली होती. परंपरेनं तिचं नाव जपलं आहे, संती. काकांवरची माझी श्रद्धा जराही कमी न होता मला हे लिहायचं आहे की त्या दुपारी एकाच्या मोकळेपणाची किंमत दुसरीनं मोजली. घागर घेऊन परत येणारी संती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय आता मला कुठल्याच स्वतंत्र आयुष्याची गोष्ट ऐकता येत नाही. कुणी निघून गेला की मी विचारते, पाणी कोण भरत होतं?

हाच प्रश्न मी थोरोलाही विचारला. अमेरिकेतला हेन्री डेव्हिड थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं दोन महिने राहिला. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं पुस्तक मराठीत आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना त्यानं झपाटलं. वयाच्या विसाव्या वर्षी मी त्यातलं तळं वाचलं होतं. पन्नाशीत पुन्हा वाचताना माझं लक्ष शेतीवर गेलं. थोरोनं अडीच एकर पेरलं होतं, बहुतेक घेवड्यासारख्या शेंगांचं पीक. आणि त्यानं खुरपण्याचा, बियाण्याचा, विक्रीचा सेंटासेंटाचा हिशेब छापला आहे. शेवटी हाती उरले नऊ डॉलरला थोडे कमी. स्वातंत्र्यावरचं पुस्तक तो खर्चाच्या वहीनं सुरू करतो, याचा मला फार आदर वाटतो. मात्र जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. तीही कागदावर त्याची नव्हती. तो एकटा जीव होता. चुलीपाशी त्याची कुणी वाट बघत नव्हतं, त्यामुळं त्याच्या वहीत एकाच माणसाचा खर्च मांडलेला आहे.

आमच्या बायकांच्या वहीत सगळ्या घराचा असतो. ही वही मी पाहिली आहे. गटाच्या हिशेबासाठी आणलेल्या शंभरपानीच्या मागच्या बाजूनं ती सुरू होते. एका पानावर असं होतं: भेंडी ६० रुपये, उडीद घरी ठेवला, हुलगा नणंदेला दिला, शेवग्याच्या शेंगा वाटल्या, कडवळ शेळीला. विकलेलं, ठेवलेलं, दिलेलं, वाटलेलं, सगळं एकाच रांगेत. वाटलेल्याचे पैसे धरायचे की नाही, असं मी विचारलं. "धरायचे कशाला? पर लिवायचं. कुणी दिलं ते कळाया पायजे." म्हणजे आधीही शेंगा वाटल्या जातच होत्या; देणारं घर होतं. आता देणारी ती होती.

मला विचाराल तर जगण्याचं तत्त्वज्ञान म्हणजे हेच. काय विकायचं, काय ठेवायचं, काय द्यायचं आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे आपलं आपण ठरवलेलं असणं. ते चार ओळींत लिहिता येतं, फक्त लिहिणारीच्या हातात काहीतरी असावं लागतं. एकर नव्हता तेव्हा आमच्याकडे हे शेळीनं केलं. उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाते. बहुतेक काळीभोर, पाच महिन्यांनी विते, पुष्कळदा जुळी देते. पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या शब्दावर विकली जाणारी घरातली वस्तू तीच. लेकीची फी, डॉक्टरचे पैसे, माहेरच्या एसटीचं भाडं शेळीनं भरलं आहे.

ज्या घरी ती वही पाहिली, त्याच घरी मी बियांची उतरंड पाहिली. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकावर एक गाडगी, तळाशी मोठं, वर लहान होत गेलेलं. बाईनं वरचं उतरवलं, तोंडावरचं शेणामातीचं लिंपण नखानं खरवडलं आणि हात आत घातला. राखेत माखलेला हुलगा बाहेर आला. तिनं तो तळहातावर फुंकला. राख उडाली आणि तांबूस दाणे उघडे पडले. मधे कडुनिंबाचा वाळका पाला होता. एक दाणा तिनं दातांखाली धरून फोडला, आवाज ऐकला, मान हलवली. "वाळलाय. ऱ्हातंय आता पुढच्या मिरगापातूर." मला थापटणं आठवलं. दुकानातून पिशवी आणायची तेव्हा मालकाकडं पैसे मागावे लागत, मालकाला उधारी मागावी लागे; गाडगं भरलं तेव्हापासून पेरणीच्या आठवड्यात घरात आवाज चढत नाही, असं ती म्हणाली.

आता मी स्वतःचं सांगते, कारण ते न सांगता या बायकांबद्दल लिहिणं बरोबर होणार नाही. मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. पगार माझ्या नावावर येई. चेकबुकातल्या कोऱ्या चेकांवर मी महिन्याच्या सुरुवातीला सह्या करून ठेवत असे, आकडे नंतर घरातलं दुसरं कुणी भरे. कुणी सक्ती केली नव्हती; तशी रीत पडली होती. एकदा साडेतीनशे रुपयांचा शब्दकोश मला घ्यायचा होता. तीन महिने मी तो घेतला नाही, कारण मागावा लागला असता. मुलांना मी सतरा सप्टेंबर शिकवत होते: देश पंधरा ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आपण निजामाच्या राज्यातून तेरा महिन्यांनी, १९४८ मध्ये सुटलो. झेंडावंदनाला भाषण करत होते. कोऱ्या चेकांवरच्या सह्या थांबवायला मला त्या ओढ्याकाठच्या एकरावर जावं लागलं. घरी येऊन चेकबुक माझ्या कपाटात ठेवलं. कुणी काही म्हटलं नाही. एवढं सोपं होतं, याचंच मला जास्त रडू आलं.

या बायकांच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं असं मात्र समजू नका. मालकाच्या रानातली खुरपणी सुटलेली नाही, भाकरी सुटलेल्या नाहीत, एकराचं काम वरून आलं. पहाटे चारला उठणारी आता साडेतीनला उठते. काही जणींच्या घरी पीक चांगलं आल्यावर तुकडा परत मागितला गेला. दोघींनी तो दिला, एकीनं दिला नाही, आणि त्या तिघींचीही बोलणी मी पुढं तशीच ठेवली आहेत. देणाऱ्यांना मी कच्चं मडकं म्हणणार नाही. थापटणं माझ्या हातात नाही.

ज्या बाईनं मला पावलांनी एकर दाखवला, तिच्याकडे मी येळवशीला गेले होते. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडे आणि लातूरकडे दिवाळीहून मोठी. गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप उभी राहते, आत पाच पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, आणि येईल त्याला जेवू घालतात. बोलावणं लागत नाही. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, चिंच, बेसन. सोबत बाजरीचे उंडे, आणि बिंदग्यात आंबिल.

त्या घरची कोप दर वर्षी मोठ्या रानात, विहिरीपाशी होई. त्या वर्षी भल्या सकाळी तिच्या सासूनं, आत्याबाईंनी, पाचही दगड पाटीत घातले आणि पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याकडं चालू लागल्या. जितेपणी वाटण्या कसल्या करता म्हणून एकराला सगळ्यात जास्त विरोध याच आत्याबाईंचा होता. सुनेनं काही विचारलं नाही. कडब्याच्या पेंढ्या उचलून ती मागोमाग गेली. तुरीच्या कडेला कोप उभी राहिली. दुपारी पंगती उठल्या, आंबिल संपत आलं, पोरं बाभळीच्या झोक्यावर होती. मालक दगडांपाशी उकिडवा बसून म्हणाला, "आये, ही दगडं परत हिरीकडं न्यायची का?"

आत्याबाई भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हितंच."